ड्रॉइंगचा संगणक आणि रेंडरचा संगणक

इमारतींची ड्रॉइंग आणि रेंडर (मॉडेलवरून तयार होणारं खरं वाटणारं चित्र) करायला नवा संगणक घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, ‘प्रोसेसर कुठला?’ त्याच्या आधी अर्धा तास काढून एक गोष्ट करा. सध्या वापरता त्याच संगणकावर रोजची जड फाइल उघडा आणि शेजारी टास्क मॅनेजर (कुठल्या भागावर किती भार आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी) चालू ठेवा. स्केचअपमध्ये मोठा ग्रुप एक्स्प्लोड करा, ऑटोकॅडमध्ये किचकट हद्दीचा हॅच (आतली रेघांची नक्षी) भरा, रेव्हिटमध्ये एखादी लेव्हल वर-खाली सरकवा. स्क्रीन अडकते, कर्सरजवळचं चक्र फिरत राहतं आणि सीपीयूचा, म्हणजे प्रोसेसरचा, आकडा मात्र 6-7 टक्क्यांवर बसलेला दिसतो. तो पाहून वाटतं, प्रोसेसर तर रिकामाच आहे, म्हणजे दोष ग्राफिक्स कार्डाचा.

इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. प्रोसेसरमध्ये काम करणारे भाग म्हणजे कोअर, आणि एका वेळी चालू शकणाऱ्या कामांच्या रांगा म्हणजे थ्रेड. प्रोसेसर 16 थ्रेडचा असेल तर एक थ्रेड काठोकाठ भरला तरी एकूण आकडा 100 भागिले 16, म्हणजे सव्वासहा टक्केच दिसणार. विंडोज ते काम या कोअरवरून त्या कोअरवर फिरवत असतं, पण एका वेळी राबतो एकच, बाकीचे वाट बघत बसतात. ड्राफ्टिंग आणि मॉडेलिंगमधली बरीचशी कामं अशीच असतात, कारण पुढची पायरी मागच्या पायरीच्या उत्तरावर अवलंबून असते. भिंत कुठे संपते ते कळल्याशिवाय तिला टेकलेल्या खिडकीचं गणित सुरूच होत नाही. त्यामुळे ड्रॉइंगसाठी कोअरची संख्या दुय्यम, एका कोअरचा वेग महत्त्वाचा. हा वेग खोक्यावरच्या गिगाहर्ट्झवरून ठरवू नका. जुन्या पिढीचा 5 गिगाहर्ट्झ नव्या पिढीच्या 4.7 पेक्षा मागे पडू शकतो. सिंगल-कोअर चाचणीचे गुण बघा. चालू पिढीतला 6 ते 8 दमदार कोअरचा मधला प्रोसेसर या कामात सर्वांत वरच्या मॉडेलच्या फार मागे नसतो.

रेंडरिंगची तऱ्हा वेगळी. चित्र लहान चौकोनांत तुटतं, प्रत्येक कोअर आपला चौकोन घेऊन बसतो आणि सगळे एकाच वेळी राबतात. कोरोना नावाचा रेंडरर (रेंडर करणारं सॉफ्टवेअर) फक्त प्रोसेसरवर चालतो. तिथे 8 च्या जागी त्याच जातीचे 16 कोअर आले तर वेळ जवळपास निम्मा होतो. उलट एनस्केप, लुमियन, ट्विनमोशन या रेंडररांचा भार ग्राफिक्स कार्डावर पडतो, आणि व्ही-रे दोन्हीकडे चालतो. म्हणून रेंडरर कुठला वापरणार ते आधी ठरवा, यंत्र नंतर. कोरोनावाल्याने महागडं कार्ड घेणं आणि लुमियनवाल्याने 24 कोअर घेणं, दोन्हींत पैसा चुकीच्या जागी जातो. रेव्हिट, थ्रीडीएस मॅक्स किंवा लुमियन लागणार असेल तर मॅकचा विचार सोडून द्या, ही विंडोजवरचीच सॉफ्टवेअर आहेत.

ग्राफिक्स कार्ड निवडताना मी वेगाच्या आधी मेमरी बघायला सांगतो. का, ते एका संगमरवराच्या टेक्श्चरवरून (पृष्ठभागाला चिकटवायच्या चित्रावरून) पाहा. 4096 बाय 4096 पिक्सेलची जेपीजी फाइल डिस्कवर 5 एमबीची असते. रेंडरर ती उलगडतो तेव्हा प्रत्येक पिक्सेलला 4 बाइट लागतात, म्हणजे 64 एमबी. एका मटेरियलला रंग, चकाकी, नॉर्मल आणि डिस्प्लेसमेंट असे चार मॅप (पृष्ठभागाचा एकेक गुण सांगणारी चित्रं) धरले की 256 एमबी झाले. अशी 30 मटेरियल लावली की साडेसात जीबी संपले. झाडं, फर्निचर, गवत अजून यायचंच आहे. काही रेंडरर टेक्श्चर दाबून ठेवतात, पण त्यावर भिस्त ठेवू नका. मेमरी भरली की रेंडर एक तर मध्येच बंद पडतो, नाहीतर डेटा मुख्य रॅममध्ये सांडतो आणि मिनिटांचं काम तासांवर जातं. ग्राफिक्स कार्डावरच्या (जीपीयू) रेंडरसाठी 12 जीबी किमान धरा, 16 असेल तर मोकळेपणा येतो. आठ-आठ जीबीची दोन कार्डं लावली म्हणून 16 होत नाहीत, प्रत्येक कार्डाला साधारणपणे सगळा सीन आपल्याकडे ठेवावा लागतो. आहे त्या कार्डावर भागवायचं असेल तर लांबच्या वस्तूंची टेक्श्चर 2048 वर आणा, जागा थेट चौथाईवर येते.

रॅमसाठी रेव्हिटवाल्यांचा अंदाज फाइलच्या वीसपट. 400 एमबीचं मॉडेल असेल तर 8 जीबी त्यालाच गेले. लिंक फाइली, ब्राउझर, फोटोशॉप हे वेगळं. 32 जीबीपासून सुरुवात करा, झाडीने भरलेले मोठे सीन असतील तर 64. रॅमच्या कांड्या दोन घ्या. एकच कांडी लावली तर मेमरीची एक वाट बंद राहते, आणि डीडीआर5 या प्रकारच्या रॅममध्ये चार लावल्या तर बऱ्याचदा वेग उतरतो.

लॅपटॉपमध्ये नावाने फसू नका. डेस्कटॉपच्या आरटीएक्स 4070 मध्ये 12 जीबी असतात, त्याच नावाच्या लॅपटॉप कार्डात 8. आरटीएक्स 4060 लॅपटॉपमध्ये कुठे 35 वॉटला चालतं, कुठे 115 ला, आणि नाव दोन्हींकडे तेच. कंपनीच्या तपशीलपत्रात कार्डाचे वॉट शोधा, ते दिलेच नसतील तर ते यंत्र घेऊ नका. घ्यायच्या आधी सिनेबेंच (प्रोसेसरची चाचणी घेणारं सॉफ्टवेअर) एकदा नाही, सलग दहा मिनिटं चालवा. पहिल्या मिनिटाचे गुण आणि शेवटचे गुण यांत मोठी दरी असेल, तर यंत्र तापून मंदावतंय, आणि तासाभराचा रेंडर त्याच मंदावलेल्या वेगाने होणार आहे.

स्टोरेजला एनव्हीएमई एसएसडी (वेगवान डिस्क) पुरे. बॅकअप मात्र त्याच डिस्कवर नको. पॉवर सप्लायमध्ये काटकसर करू नका. भर रेंडरमध्ये वरचे प्रोसेसर 230-250 वॉट ओढतात आणि 200 वॉटचं कार्ड त्यावर, म्हणजे 650 ते 750 वॉटचा चांगला सप्लाय हवाच. यूपीएसवर लिहिलेला आकडा व्हीएचा (व्होल्ट-अँपिअरचा) असतो, वॉटचा नाही. 600 व्हीएचा यूपीएस बहुधा 360 वॉटच देतो, आणि वीज गेली की भारात चाललेलं यंत्र त्याच क्षणी बंद पडतं. मॉनिटर आयपीएस पडद्याचा आणि पूर्ण एसआरजीबी (रंगांचा प्रमाणित पट्टा) दाखवणारा घ्या, नाहीतर पडद्यावरची वीट क्लायंटच्या कागदावर गुलाबी निघते.

यंत्र हातात आलं की पहिल्याच दिवशी तीन जागा तपासा. मॉनिटरची केबल मदरबोर्डला नको, ग्राफिक्स कार्डाच्या पोर्टला हवी. टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर 6000 च्या रॅमपुढे 4800 दिसत असेल तर बायोसमध्ये (यंत्र सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे रॅमला तिचा पूर्ण वेग देणारी सेटिंग, चालू करा, ते बहुधा बंदच येतं. लॅपटॉप असेल तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमधल्या ग्राफिक्स विभागात जाऊन आपल्या सॉफ्टवेअरला हाय परफॉर्मन्स लावा. आणि एवढं करूनही मॉडेल फिरवताना रेषा थरथरत असतील तर दोष यंत्राचा नाही. सर्व्हे ड्रॉइंग मूळ बिंदूपासून कित्येक किलोमीटर दूर पडलंय आणि तिथे दशांशाची अचूकता पुरत नाही. ते शून्याजवळ आणा, नको असलेलं पर्ज करून (काढून) टाका आणि फाइल पुन्हा उघडून पाहा.