अंगावरून जातं म्हणजे नेमकं काय जातं?

[गच्ची. मे महिना, दुपारचा एक.]

नागपूरचा मे. पारा ४५ला टेकलाय. या उन्हात ओली साडी अर्ध्या तासात खडखडीत होते. आता दोरीकडे नीट बघा. बनियन उघड्यावर. पोरांच्या चड्ड्या उघड्यावर. चादर, उशांचे अभ्रे, सगळं उन्हात. आणि अगदी टोकाला, भिंतीच्या आडोशाला, एक टॉवेल. त्याला मधेच फुगवटा आलाय. त्याच्याखाली या घरातल्या बायकांच्या चड्ड्या वाळत घातल्यात, एकीवर एक. वाळत कसल्या, दमटच राहतात.

हा शॉट आम्ही ठरवून घेतला नव्हता. पाण्याची टाकी टिपताना तो चौकटीत आला. मग त्याच गल्लीतल्या आणखी तीन गच्च्यांवर चढलो. दोन ठिकाणी टॉवेल होता, एका ठिकाणी ओढणी.

घाम, दमट कापड, अंगाला चिकटणारं नायलॉन हे बुरशीला मानवतं. तेवढ्यानंच आजार होतो असं कुणी डॉक्टर म्हणणार नाही. पण दुखणं लपवायची सवय या दोरीपासूनच लागते, असं मला मनापासून वाटतं.

[मेडिकलचं दुकान, संध्याकाळ. फक्त काउंटर आणि हात.]

इतवारीतली एक गल्ली. या बाई दुकानाबाहेर थांबल्यात. आधीची तीन गिऱ्हाइकं जाऊ देतात. मग पुढे होऊन हळूच म्हणतात, "भाऊ, खाजेची ट्यूब द्या." कुठे खाज, कुणाला, किती दिवस, गरोदर तर नाही ना, काहीही विचारलं जात नाही. ट्यूब वर्तमानपत्रात गुंडाळली जाते. पैसे दिले, निघाल्या. सगळं मिळून एक मिनिटसुद्धा नाही.

ट्यूबवरची बारीक अक्षरं आम्ही भिंगातून टिपली. तीन औषधं एकत्र आहेत: एक बुरशीवरचं, एक जिवाणूंवरचं आणि तिसरं स्टेरॉइड, तेही जोरदार. स्टेरॉइडनं आग आणि लाली लगेच बसते, म्हणून "गुण आला" असं वाटतं. पण तेच स्टेरॉइड कातडीची लढायची ताकद कमी करतं. मग खाज उलटते. वारंवार लावलं तर त्या नाजूक जागेची कातडी पातळ होते.

या बाई छत्तिशीच्या. चार घरी पोळ्या करतात. त्यांचा चेहरा आम्ही दाखवणार नाही, आवाज त्यांचाच आहे. "दोन दिवस बरं वाटते, मंग पुन्हा तसंच. लघवीला गेलं का नुसती आगच आग. रात्री झोप नाही लागत." वर्षभरातली ही त्यांची तिसरी ट्यूब. आत आजवर कुणी तपासलेलंच नाही.

[ओपीडीचा बाकडा. हिरवा पडदा.]

दुसऱ्या दिवशी त्या आमच्यासोबत दवाखान्यात आल्या. पडद्याआड डॉक्टर विचारतात, "ताई, काय त्रास?" उत्तर येतं, "अंगावरून जाऊन राहिलं, म्याडम."

अंगावरून जातं. पांढरं जातं. धुपणी लागली. आपल्याकडे एवढेच शब्द आहेत, आणि त्यात किती गोष्टी कोंबल्यात बघा. पाळीच्या मधल्या दिवसांत येणारा पारदर्शक, तार सुटणारा स्राव यात येतो, आणि तो आजार नाही. गरोदरपणात स्राव वाढतो, तोही यातच. बुरशीचा संसर्ग यात, जिवाणूंचं बिघडलेलं गणित यात, ट्रायकोमोनास नावाचा परजीवी यात, आणि गर्भाशयाच्या तोंडाचे गंभीर आजारही यातच. वर घरातल्या म्हाताऱ्या सांगतात की हाडं विरघळून पांढरं जातं. हाडाचा याच्याशी काही संबंध नाही. या एका समजुतीपायी कितीतरी बायका कॅल्शियमच्या गोळ्या खात बसल्यात आणि खाज तशीच आहे.

म्हणून डॉक्टर शब्दावर थांबत नाहीत. खोदून विचारतात. रंग कसा? दह्यासारखं घट्ट, की पाण्यासारखं? वास येतो का? आग आत होते, की लघवी बाहेरच्या कातडीला लागली की होते? एवढ्यात कशासाठी अँटिबायोटिक घेतलं होतं? घरात कुणाला शुगर आहे? बाई आधी अडखळतात, मग बोलू लागतात. "काहून नाही आल्या आधी?" यावर मात्र पडद्याआड बराच वेळ शांतता आहे. ती आम्ही कापली नाही.

[लॅब. टेबलावर काचपट्ट्या, इवलीशी पिवळी पट्टी.]

आता इथे थोडं थांबू या, कारण हेच बघायला आम्ही आलो.

डॉक्टरांनी कापसाच्या बोळ्यानं योनीच्या बाजूच्या भिंतीवरचा स्राव घेतलाय. तो आधी या कागदी पट्टीला लावतात. निरोगी योनी आंबट असते. लॅक्टोबॅसिलस नावाचे जिवाणू तिथे लॅक्टिक आम्ल तयार करतात, दह्यातल्या विरजणाच्या जातीचेच ते. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं जास्त आंबट. तो ४.५च्या खाली असला की पट्टी पिवळी राहते. बुरशीच्या संसर्गातही ती बहुतेक वेळा पिवळीच राहते. निळीकडे झुकली, तर जिवाणू किंवा ट्रायकोमोनास यांचा संशय घ्यायचा. बघा. पिवळी.

आता दोन काचपट्ट्या. पहिलीवर स्राव आणि सलाइनचा एक थेंब. यात ट्रायकोमोनास असेल तर तो जिवंत, वळवळताना दिसतो. इथे काही वळवळत नाही. दुसरीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब, १० टक्के. लॅबवाल्या ताई म्हणतात, "हा थेंब बाईच्या पेशी विरघळवतो. बुरशीची भिंत चिवट, ती राहते." वरून पातळ काच, हवेचा बुडबुडा राहू नये म्हणून तिरकी टेकवून अलगद सोडलेली. मग काही मिनिटं वाट बघायची. ताई घड्याळाकडे बघतात, कूलरचा आवाज येतोय, बाहेर कुणीतरी नंबर पुकारतंय.

[सूक्ष्मदर्शकातून.]

हे बघा. आधी धूसर मैदान. ताई स्क्रू फिरवतात, आणि धुक्यातून ती वर येते. लांबट पेरं एकापुढे एक जोडलेली, बांबूसारखी. पेरांच्या सांध्याशी गोल कळ्या, काही सुटून एकट्या तरंगणाऱ्या. कॅन्डिडा. बहुतेक वेळा जी सापडते तिचं पूर्ण नाव कॅन्डिडा अल्बिकान्स. वर्षभर तीन ट्यूबा खाऊन बसलेली ही बुरशी पहिल्यांदाच कुणाच्या तरी डोळ्यांना दिसली.

काचेवर काही दिसलं नाही म्हणजे बुरशी नाहीच, असं मात्र होत नाही. ती कधी कधी हुकते. तेव्हा, किंवा त्रास पुन्हा पुन्हा उलटतो तेव्हा, नमुना वाढवून बघतात. ही साबुरो आगारची, म्हणजे बुरशी वाढवायच्या खाद्याची बशी. दोन दिवसांत तिच्यावर साईसारखे पांढरे ठिपके उठलेत. त्यातला एक कण रक्ताच्या सीरममध्ये घालून ३७ अंशांवर दोन तास ठेवला, आणि हे बघा, कळ्यांना कोंब फुटले. मोड आलेले मूगच जणू! कोंब फुटला की ती बहुधा अल्बिकान्स. नाही फुटला तर दुसरी जात असू शकते, जिच्यावर नेहमीची गोळी कधी कधी नीट चालत नाही. ताईंनी हे आयुष्यात किती वेळा पाहिलं असेल. तरी कोंब दिसल्यावर त्यांनी आम्हाला हाक मारली.

[डॉक्टरांचं टेबल. औषधाची पट्टी.]

ही बुरशी बाहेरून आलेला चोर नव्हे. कितीतरी निरोगी बायकांच्या अंगात ती थोडीथोडकी असतेच. त्रास नसेल तर औषधही नको. अँटिबायोटिकनं लॅक्टोबॅसिलस मारले गेले, गरोदरपण आलं, शुगर वाढली, स्टेरॉइड सुरू झालं की ती माजते. चारपैकी तिघींना आयुष्यात एकदा तरी हा संसर्ग होतो. हा लैंगिक आजारांत मोजत नाहीत. नवऱ्याला खाज किंवा पुरळ नसेल तर त्याला सहसा औषध लागत नाही. हे कळलं असतं तर काही घरांतले संशय आणि भांडणं टळली असती.

ओळख साधी आहे. जोराची खाज, आग, लाली, सूज, संबंधाच्या वेळी दुखणं, दह्याच्या गोळ्यांसारखं घट्ट पांढरं जाणं, आणि वास जवळजवळ नाही. सडलेल्या मासळीसारखा वास किंवा हिरवट-पिवळा फेस असेल तर गोष्ट वेगळी.

उपचारही साधा. क्लोट्रिमाझोलची योनीत ठेवायची गोळी, ५०० मिलिग्रॅमची एकदाच किंवा १०० मिलिग्रॅमची सहा रात्री. झोपताना, आडवं होऊन, बोटानं जमेल तितकी आत. किंवा तोंडानं फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅम, एकच गोळी. गरोदर असाल तर ही तोंडावाटेची गोळी नको, फक्त योनीतलं औषध, तेही साधारण सात दिवस आणि डॉक्टरांना विचारूनच. दुसऱ्या दिवशी आराम पडला म्हणून उरलेल्या गोळ्या कपाटात ठेवू नका. आतून धुणं बंद. तुरटीचं पाणी नको, जंतुनाशक नको, लसणाची पाकळी नको, दही ताटातच बरं. बाहेरून साधं पाणी पुरतं. चड्डी सुती, आणि वाळवायची उन्हात, टॉवेलाविना.

ताप, ओटीपोटात दुखणं, फोड, मधेच रक्त जाणं, किंवा पाळी कायमची गेल्यावर सुरू झालेला स्राव असेल तर दुकानात जायचंच नाही, थेट तपासणी. वर्षात तीनदा झालं तरी तपासणी, आणि सोबत शुगर. मधुमेहावरच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर काढतात, त्यानंही ही बुरशी वाढते. म्हणून ती गोळी आपल्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

[हिरवं पाकीट, जवळून.]

नागपुरात डागा, मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालयं आहेत. तिथे स्त्रीरोग ओपीडीत हे तपासलं जातं. सरकारी सुरक्षा क्लिनिकांतून, म्हणजे गुप्त जागेच्या आजारांसाठीच्या दवाखान्यांतून, हे हिरवं पाकीट फुकट मिळतं, किट क्रमांक २. आत सेक्निडाझोल २ ग्रॅम आणि फ्लुकोनाझोल १५०. म्हणजे जिवाणू-परजीवींवरचं औषध आणि बुरशीवरचं औषध, दोन्ही. जिथे सूक्ष्मदर्शक नाही तिथे लक्षणांवरून दोन्हीकडे मारा करायचा, असा त्यामागे हिशेब आहे. जिथे सूक्ष्मदर्शक आहे तिथे मात्र तो धूळ खात पडू नये, एवढं मला वाटतं.

[पुन्हा तोच बाकडा. आठवड्यानंतर.]

बाईंची शुगर दोनशेच्या पुढे निघाली. ती त्यांना आजवर माहीत नव्हती, आता त्याचीही गोळी सुरू आहे. खाज गेली. मागच्या वेळी निघताना त्यांनी डॉक्टरांना विचारलं होतं, "माझ्या जावेलेबी असंच होते. तिले हेच औषध देऊ का?" डॉक्टर म्हणाल्या होत्या, "देऊ नका. तिला घेऊन या."

आज जाऊ आल्या आहेत. वय तीसच्या आसपास, पदर तोंडावर. घरी त्याही हेच म्हणत होत्या: पांढरं जातं. पडद्याच्या आत कॅमेरा गेला नाही. बाहेर टेबलावर पट्टी आली, आणि ताईंनी ती उजेडात धरली. निळी. काचेवर थेंब पडताच मासळीचा वास उठला. भिंगाखाली कडा दाणेदार झालेल्या पेशी, बुरशीचा एक धागा नाही. म्हणजे इथे बिघडलंय ते जिवाणूंचं गणित. कागदावर मेट्रोनिडाझोल लिहिलं गेलं, ५०० मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ, सात दिवस.

दोघी एकाच ऑटोनं आल्या होत्या, एकाच ऑटोनं परत गेल्या. मांडीवर दोन पिशव्या, दोन वेगळी औषधं.