सार्डिनिया: समुद्राकडे पाठ केलेली गावं

[दृश्य: डोंगरकुशीतलं गाव, दगडी घरं, खाली लांबवर समुद्राची निळी पट्टी]

भूमध्य समुद्रातल्या बेटावरचं गाव म्हटलं की डोळ्यांसमोर बंदर येतं. होड्या, वाळत घातलेली जाळी, माशांचा बाजार. हे आहे बाउनेई. इटलीच्या सार्डिनिया बेटाच्या पूर्व बाजूचं गाव. समुद्र इथून सरळ रेषेत जेमतेम काही किलोमीटर, पण गाव बसलंय तब्बल ४८० मीटर उंचीवर. इथले लोक पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करत नव्हते, शेळ्या राखत होते.

सार्डिनिया हे भूमध्य समुद्रातलं सिसिलीखालोखाल मोठं बेट. माणसं सोळा लाखांच्या आत, मेंढ्या त्याच्या जवळजवळ दुप्पट. इथली जुनी गावं किनारा सोडून आत, वर, कड्याच्या आडोशाला गेली, त्याला दोन कारणं. एक, उत्तर आफ्रिकेतून येणारे चाचे. ‘जो समुद्रावरून येतो, तो चोरायलाच येतो’ अशी म्हणच आहे इथे. आणि दुसरं कारण चाच्यांपेक्षा वाईट. डास. किनाऱ्यालगतच्या खाजणांत आणि दलदलीत मलेरिया इतका मुरला होता, की उन्हाळ्यात खाली मुक्काम करणं म्हणजे मरण ओढवून घेणं.

१९४६ ते १९५० या काळात अमेरिकेच्या रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने अख्ख्या बेटावर डीडीटी फवारलं गेलं. घरं, गोठे, डबकी, काहीच सोडलं नाही. डास निर्वंश झाला नाही, मलेरिया मात्र संपला. आणि शतकानुशतकं कुणी न विचारलेल्या किनाऱ्याला एकदम भाव आला.

१९६२मध्ये ईशान्येकडचा मोठा किनारपट्टा विकसित करायला घेतला तो इस्माइली मुस्लिमांचे तेव्हाचे धर्मगुरू करीम आगाखान यांनी. होय, तेच आगाखान घराणं. पुण्याचा आगाखान पॅलेस करीम यांच्या आजोबांनी बांधला आणि १९६९ साली करीम यांनी तो भारताला देऊन टाकला. त्यांच्या या किनाऱ्याचं नाव कोस्ता स्मेराल्दा. आज तिथे जगातल्या महागड्या यॉट उभ्या असतात. त्या तिथे सुखाने असोत. आपण बाउनेईच्या वरच्या पठारावर चाललोय.

[दृश्य: गोलगोचं पठार, रानटी ऑलिव्हची जुनी झाडं, शेळ्यांचा कळप]

या पठाराचं नाव गोलगो. चुनखडीचा प्रदेश, त्यामुळे पाणी वर ठरत नाही, जमिनीत जिरतं. इथे एक विवर आहे, सरळ खाली २७० मीटर खोल. कुंपणावरून डोकावलं तर फक्त काळोख दिसतो. वाटेत गुराख्यांच्या झोपड्या लागतात. खाली दगडांचा गोल, वर जुनिपरच्या ओंडक्यांचा शंकू. जुनिपरचं लाकूड कुजत नाही लवकर. कड्यांवर जिथे पायवाट तुटते, तिथे याच लाकडाच्या ओबडधोबड शिड्या टेकवलेल्या आहेत. त्या गुराख्यांनी आणि कोळसा पाडणाऱ्यांनी लावल्या, पर्यटन खात्याने नव्हे.

पठारावरून तासाभराहून थोडं जास्त उतरलं की काला गोलोरित्से. छोटीशी पुळण, पांढरे गोटे, आणि डोक्यावर १४३ मीटर उंच चुनखडीचा सुळका. ही पुळण प्राचीन वगैरे काही नाही. १९६२मध्ये डोंगराचा कडा कोसळला, त्या दरडीतून ती तयार झाली. म्हणजे तिकडे आगाखानांचे आराखडे होत होते, त्याच वर्षी इकडे डोंगराने आपला किनारा स्वतः बांधला. इथे मोटारबोटींना काठाला लागायला बंदी आहे, माणसांची संख्या मर्यादित आहे, आगाऊ नोंदणी लागते. परतीची चढण दुपारच्या उन्हात नको. दीड-दोन लीटर पाणी माणशी हवंच.

[दृश्य: गोर्रोपू घळीचं तोंड, माणूस ठिपक्याएवढा]

उत्तरेला गोर्रोपूची घळ. भिंती काही ठिकाणी पाचशे मीटरपर्यंत. फोटो सगळीकडे मिळतील, तेव्हा पुढे जाऊ.

[दृश्य: ओर्गोसोलोच्या गल्ल्या, भिंतीवर रंगवलेले चेहरे]

ओर्गोसोलो. एके काळी डाकूंचं गाव म्हणून बदनाम. १९६९च्या जूनमध्ये गावाजवळच्या प्रातोबेल्लो या गायरानावर लष्कराने गोळीबाराच्या सरावासाठी जागा घ्यायचं ठरवलं. अख्खं गाव, बायका-पोरांसह, कुरणात जाऊन बसलं. शस्त्राविना. लष्कराला माघार घ्यावी लागली. पुढे १९७५पासून चित्रकलेचे शिक्षक फ्रांचेस्को देल कासिनो यांनी विद्यार्थ्यांना घेऊन भिंती रंगवायला सुरुवात केली. आज पर्यटक त्या चित्रांसमोर सेल्फी घेतात. ज्या कुरणासाठी हे सगळं झालं, तिकडे फारसं कुणी फिरकत नाही.

[दृश्य: दक्षिणेकडे, उलास्साई, गावामागचा उभा कडा]

मला विचाराल तर या प्रवासातलं खरं गाव हे. उलास्साई. कड्याच्या इतकं पायाशी, की दरडीची भीती इथल्या गोष्टींतसुद्धा आहे. एक मुलगी गुराख्यांना भाकरी द्यायला डोंगरावर जाते. वादळ येतं, सगळे गुहेत शिरतात. तिला बाहेर वाऱ्यावर उडणारी निळी फीत दिसते, ती तिच्यामागे धावते, आणि मागे गुहा कोसळते. मुलगी तेवढी वाचते.

या गावच्या चित्रकर्ती मारिया लाई. जन्म १९१९. गावाने त्यांना युद्धात गेलेल्यांचं स्मारक करून द्यायला सांगितलं. त्या म्हणाल्या, मेलेल्यांसाठी नको, जिवंत माणसांसाठी काहीतरी करू. मग ८ सप्टेंबर १९८१ रोजी गावाने निळ्या कापडाच्या पट्ट्या फाडल्या, सुमारे २७ किलोमीटर लांबीच्या, आणि घर घराला बांधलं. पण बाउनेईपासून उलास्साईपर्यंत कुठेही जा, भावकीतली भांडणं असतातच. म्हणून आधी लोक तयार होईनात. तोडगा निघाला तो असा: ज्या दोन घरांत वैर, तिथे फीत नुसती सरळ जाईल. जिथे मैत्री, तिथे गाठ. आणि जिथे प्रेम, तिथे फितीला सणाची नक्षीदार भाकर टांगायची. शेवटी गिर्यारोहकांनी ती फीत कड्यावर नेऊन डोंगरालाही बांधली. त्या दिवशी कुणाच्या दारात गाठ नाही, हे अख्ख्या गावाला दिसलं. मारिया लाईंचं संग्रहालय आज गावच्या जुन्या रेल्वे स्टेशनात आहे.

दरडीची भीती पोकळ नव्हती. समोरच्या दरीत गाइरो हे जुनं गाव बघा. १९५१च्या ऑक्टोबरमधल्या अतिवृष्टीने उतार सरकला आणि गाव सोडावं लागलं. छपरं गेलीत, आतल्या भिंतींचा निळा रंग अजून आहे. याच भागातल्या शंभरी गाठलेल्या म्हाताऱ्यांना शोधत जगभरचे कॅमेरे येऊन गेले. आपण कॅमेरा त्यांच्यावर न रोखलेला बरा.

[दृश्य: जारा दी जेस्तुरी, सपाट पठार, उथळ पाण्यात घोडे]

आता बेटाच्या मध्याकडे. जारा दी जेस्तुरी. सुमारे ५५० मीटर उंचीचं, माथा ताटासारखा सपाट असलेलं पठार. पायाखाली काळा बेसाल्ट, लाव्हा थंड होऊन झालेला. कोकण-साताऱ्याचा सडा ज्याने पाहिलाय, त्याला इथे आल्या आल्या ओळख पटेल: पातळ माती, पावसाचं पाणी साचून झालेली उथळ तळी, आणि वसंतात त्या तळ्यांवर पांढऱ्या फुलांची साय. या तळ्यांना इथे ‘पाउली’ म्हणतात. ज्यांच्या सालीपासून बाटलीची बुचं करतात, ती ओकची झाडं वाऱ्याने एकाच बाजूला वाकलेली. साल काढलेल्या खोडांचा रंग तांबडालाल, नवी साल पुरती यायला नऊ-दहा वर्षं लागतात.

आणि हे घोडे. खांद्यापाशी जेमतेम सव्वा मीटर. पूर्वी पायथ्याच्या गावांतले लोक सुगीला त्यांना खाली आणत, खळ्यावर मळणी करून घेत आणि पुन्हा वर सोडून देत. मळणीयंत्रं आली, घोड्यांचं काम गेलं, ते वरच राहिले. आज ते काही शेकडा आहेत आणि संरक्षित आहेत.

यायचं तर एप्रिल-मेमध्ये, सकाळी लवकर, तुइली किंवा जेस्तुरीच्या बाजूने. ऑगस्टमध्ये तळी आटतात, आणि घोडे झाडीत सावलीला जाऊन उभे राहतात. तेव्हा दिवसभर फिरूनही शेपटी दिसेलच, याची खात्री नाही.