तबकडीची मागची बाजू
(संक्रांत मेळाव्यातील भाषण, वेबसाइटसाठी संपादित)

नमस्कार मंडळी. तिळगूळ घेऊन झाला, आता थोडा वेळ माझं ऐका.

गेल्या वर्षी याच दिवसांत, इथे न्यू जर्सीत आमच्या दारातल्या न दिसणाऱ्या बर्फावरून माझा पाय सटकला आणि मी पाठीवर आपटले. मणक्याचं ऑपरेशन झालं, मग 11 आठवडे कमरेला पट्टा. सकाळी त्याचं वेल्क्रो चर्रकन ओढलं की दिवस सुरू. वाकता येत नव्हतं, म्हणून मोजे लेक घालायची. सातवीतली पोर गुडघ्यांवर बसून आईच्या पायात मोजे चढवतेय, हे मला बघवायचं नाही. मी खिडकीकडे तोंड फिरवायचे.

साताऱ्याहून आईचा रोज फोन. "कशी आहेस गं?" "मजेत!" आपल्या सगळ्यांचं हे ठरलेलं उत्तर. इतक्या लांबून तिच्या जिवाला घोर कशाला?

फिजिओथेरपीच्या खोलीत एकदा अमेरिकन गायिका ग्लोरिया गेनर यांचं 'आय विल सर्व्हाइव्ह', म्हणजे 'मी तरून जाईन', हे गाणं लागलं. कितीदा तरी ऐकलेलं, आपल्याच मंडळात त्यावर नाचलेही होते. पण त्या दिवशी दोन्ही दांड्या घट्ट धरून उभी होते आणि सुरुवात पहिल्यांदा नीट कानावर पडली. गाणं हिमतीनं सुरू होतच नाही! पियानोची एक लहर येते आणि बाई आधी कबूल करतात, मी घाबरले होते, पार गारठले होते. हिंमत नंतर येते, ठेका धरल्यावर.

घरी येऊन पडल्या पडल्या वाचत सुटले. गेनर आपल्या न्यू जर्सीच्याच, न्यूअर्कच्या. 1978 मध्ये न्यूयॉर्कला कार्यक्रमात स्टेजवर पडल्या. दुसऱ्या दिवशी कमरेखालचं अंग हलेना. त्यांच्याही मणक्याचं ऑपरेशन झालं, आणि हे गाणं त्यांनी पाठीला पट्टा बांधूनच रेकॉर्ड केलं. ते वाचताना माझा हात आपोआप माझ्या पट्ट्यावर गेला. लोक त्याला प्रेमभंगाचं गाणं म्हणतात. गाताना त्यांच्या मनात मात्र स्वतःची पाठ होती आणि कायमची गेलेली आई होती. शब्द लिहिणारे डिनो फेकारिस यांची त्याआधी नोकरी सुटली होती. ले-ऑफचं पत्र ज्यांनी हातात धरलंय, त्यांनी हे गाणं त्या कानांनी पुन्हा ऐकावं.

कंपनीनं ते तबकडीच्या मागच्या बाजूला टाकलं होतं. पुढच्या बाजूला दुसरंच गाणं. गेनर तबकडी घेऊन स्टुडिओ 54 क्लबच्या डीजेकडे गेल्या, त्यानं बाजू उलटून वाजवली आणि लोक नाचायला लागले. मार्च 1979 मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. 1980 मध्ये ग्रॅमीही मिळालं.

त्या रात्री आईला म्हटलं, "आई, मला भीती वाटतेय. पुन्हा नीट चालता येईल का, कळत नाही." पलीकडे क्षणभर शांतता. मग ती म्हणाली, "मला कधीचं कळलंय. तुझ्या 'मजेत'मध्ये दम नव्हता." दोघी रडलो. महिनाभरात पहिल्यांदा मला शांत झोप लागली.

पट्टा सुटला त्या दिवशी ते गाणं तिला फोनवर ऐकवलं. इंग्रजी तिला फारसं येत नाही. शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "काय म्हणतेय ते नाही कळलं, पण बाई ठणकावून सांगतेय. परत लाव."