पैसा लई ले, भाऊ!

हा ओटा अमळनेर तालुक्यातल्या आमच्या घराचा. दारातून आत बघा, उजव्या हाताची ती खोली. दिवाळीनंतर तिथे आढ्यापर्यंत कापूस भरलेला असायचा आणि त्याच कापसाला टेकून, अंग खाजवत खाजवत, आमच्या घराने 'कौन बनेगा करोडपती' पाहिलं.

3 जुलै 2000, सोमवार. रात्री नऊला स्टार प्लसवर अमिताभ बच्चन पहिल्यांदा त्या खुर्चीत बसले. खेळ मूळचा इंग्लंडचा. 'हू वॉन्ट्स टु बी अ मिलियनेअर?' नावाने तो 1998 च्या सप्टेंबरात तिथल्या आयटीव्हीवर सुरू झाला होता. समोरासमोरच्या खुर्च्या, वरून पडणारा उजेड, छातीत धडधड करणारं संगीत, सगळा साचा तिकडचाच. आपण यंत्राला 'जी' लावला. कम्प्यूटरजी! माझ्या मते निम्मा देश त्या 'जी'नेच जिंकला.

पंधरा प्रश्न, एक कोटी. दहा हजारांवर एक मुक्काम, 3 लाख 20 हजारांवर दुसरा. चुकलात तर घसरून मागच्या मुक्कामावर. पण खरी मेख वेगळीच. प्रश्न आणि चारही पर्याय आधी दिसतात, मग ठरवायचं: खेळायचं, की हातात आहे ते घेऊन उठायचं?

आप्पांना, म्हणजे माझ्या आजोबांना, उत्तरं फारशी येत नसत. हा सौदा मात्र त्यांना पहिल्याच आठवड्यात कळला. तोच तर त्यांच्या पाठीमागे खोलीभर पडलेला होता. व्यापारी दारात येऊन भाव सांगून गेलाय. आज द्यावा, की संक्रांतीपर्यंत थांबावं? थांबलं तर दोन पैसे जास्त मिळतील, नाहीतर कापूस वाळून वजनात मार बसेल.

स्पर्धक अडला की आप्पा पडद्यावर ओरडायचे, "पैसा लई ले आन् घर चाल, भाऊ!"

स्वतः मात्र दरवर्षी थांबायचे.

ऑक्टोबर 2000 मध्ये मुंबईच्या हर्षवर्धन नवाथेंनी पहिला कोटी जिंकला. आपला मराठी पोरगा म्हणून गल्लीत पेढे वाटले. आप्पांनी पेढा खाल्ला, पण "उठाले पाहिजे व्हतं" हे म्हणालेच.

2005 साली कार्यक्रम परत आला, बक्षीस दोन कोटींचं. आणि आमच्याकडे भारनियमन. एका रात्री स्पर्धक मोठ्या रकमेवर अडला, आप्पा उठून उभे राहिले, "पैसा लई..." आणि लाइट गेली. कंदिलाच्या उजेडात घराचे दोन तट पडले. आई म्हणाली खेळला असेल, वडील म्हणाले उठला असेल. लाइट आली तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते.

सकाळी दूधवाला आला. त्याच्या भागात लाइट होती. चरवी खाली ठेवायच्या आत आप्पांनी विचारलं. "खेळला ना," तो म्हणाला. "चुकला."

आप्पांनी अर्धा चहा तसाच ठेवला आणि व्यापाऱ्याकडे निरोप धाडला. दुपारपर्यंत खोली रिकामी. आईने झाडून घेतली, तरी कोपऱ्यात दोन-चार बोंडं राहिलीच.

पंधरा दिवसांत भाव चढला.

त्यानंतर ते संगीत सुरू झालं की आप्पा तंबाखूची डबी घेऊन इथे, ओट्यावर येऊन बसायचे.