बोलणारा एक, वाचणारे चौघे

(दृश्य: फोर्ट, मुंबई उच्च न्यायालयाची दगडी इमारत)

१९०८ साली याच इमारतीत लोकमान्यांनी राजद्रोहाच्या खटल्यात स्वतःची बाजू स्वतः मांडली. पण ते टिळक होते. बाकीच्यांना माणसं लागतात.

इथल्या ओरिजिनल साइडला, म्हणजे जिथे दावे थेट उच्च न्यायालयातच दाखल होतात तिथे, कामाची वाटणी जुनीच. सॉलिसिटर अशिलाचं ऐकून घेणार, कागद जमवून ब्रीफ, म्हणजे खटल्याचा गठ्ठा, तयार करणार. कोर्टात उभा राहणार कौन्सेल. हा भेद कायद्याने सत्तरच्या दशकात पुसला, सवय मात्र राहिली. बरंच झालं. रोज अशिलाचं गाऱ्हाणं ऐकणाऱ्याला त्याच्या बाजूतली भोकं दिसेनाशी होतात.

(दृश्य: चेंबर, संध्याकाळ)

समजा, वसईकडच्या वडिलोपार्जित जमिनीचं अपील आहे. सातबारा, फेरफार (मालकी बदलल्याची नोंद) आणि मोडीतलं एक जुनं खरेदीखत. उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी. म्हणजे आधी मोडी वाचणारा हवा, मग भाषांतर करणारा. ज्युनियर तारखांची यादी करायला बसते आणि अडखळते. खरेदीच्या आधीच फेरफार? मोडीतला आकडा वाचताना चुकला, की नोंदच खोटी? हा प्रश्न आज चेंबरमध्ये निघाला तर मूळ कागद पुन्हा बघता येतो. उद्या समोरच्या वकिलाने काढला, तर नुसतं खाकरता येतं.

म्हणून कॉन्फरन्समध्ये एखादे सिनियर ज्युनियरलाच सांगतात, “तू आता समोरच्यांची बाजू मांड. मला सोडू नकोस.” सिनियरचं बोलणं खोडायची जिथे कोणाची छाती होत नाही, तिथे दहा ज्युनियर असले तरी वाचणारा एकच.

आणि क्लार्क. रजिस्ट्रीची, म्हणजे कोर्टाच्या कचेरीची, ऑब्जेक्शन्स, पानांचे नंबर, प्रती, सगळं त्याच्याकडे. कमर्शियल दाव्यात समन्स मिळाल्यापासून फार तर १२० दिवस. तोवर लेखी कैफियत, म्हणजे प्रतिवादीचं उत्तर, गेली नाही, तर ती देण्याचा हक्कच जातो. ती तारीख डायरीत बहुधा त्याच्याच अक्षरात असते. अशिलाचं गुपित न फोडण्याचं बंधन कायद्याने वकिलाबरोबर त्याच्यावरही घातलंय.

(दृश्य: कोर्टाबाहेरचा कॉरिडॉर, सकाळ)

प्रकरण पुकारलं जातं. सिनियर दुसऱ्या कोर्टात अडकलेत. क्लार्क त्यांना बोलवायला धावतो, तोवर ज्युनियर उभी राहते. फेरफाराचा मुद्दा तिनेच शोधलाय. पान नंबरासकट तोंडपाठ आहे.