कुसळ जमिनीत कसे शिरते

पडद्यावर दिसणारी ही बी जिरेनियमच्या कुळातील एरोडियम या वनस्पतीची आहे. तिच्या टोकाला असलेले लांब कुसळ कोरड्या हवेत मळसूत्रासारखे पिळलेले असते. आता त्यावर पाणी पडले आहे आणि पीळ सुटू लागला आहे. कुसळाचे मोकळे टोक मातीच्या ढेकळाला अडकले, की ते फिरायचे थांबते आणि बीच फिरू लागते. अशी फिरत फिरत ती अणकुचीदार बाजूने फटीत शिरते. माती वाळली की कुसळाला पुन्हा पीळ पडतो. पण बीवरचे ताठ केस मागच्या दिशेला वळलेले असल्यामुळे ती सहसा बाहेर ओढली जात नाही.

या कुसळातल्या पेशी केव्हाच मेलेल्या आहेत, आणि तरीही ते हलते. त्याचे कारण पेशीभित्तिकेत आहे. भित्तिकेतील सेल्युलोजचे ताठ तंतू ओलाव्याने लांबत नाहीत. त्यांच्यामधला मऊ भाग मात्र पाणी शोषून फुगतो. त्यामुळे तंतू ज्या दिशेने मांडलेले असतात, तिच्या आडव्या दिशेलाच भित्तिका फुगते आणि वाळताना आक्रसते. एरोडियमच्या कुसळात हे तंतू पेशीभोवती तिरके गुंडाळलेले असतात, म्हणून वाळताना पीळ पडतो. जिवंत असताना वनस्पतीने तंतूंची दिशा ठरवून ठेवली. पुढचे सगळे काम दिवसाची कोरडी हवा आणि रात्रीचे दव यांच्यावर सोपवले. आम्हाला या विषयातली सर्वांत विलक्षण गोष्ट हीच वाटते.

रानटी गव्हात हीच युक्ती वेगळ्या रचनेतून साधली जाते. त्याच्या दाण्यांच्या प्रत्येक जोडीला दोन कुसळे असतात. प्रत्येक कुसळाच्या बाहेरच्या बाजूचे तंतू अस्ताव्यस्त आणि आतल्या बाजूचे लांबीला समांतर असल्यामुळे कोरड्या हवेत बाहेरची बाजू अधिक आक्रसते व कुसळे फाकतात. दमट हवेत ती पुन्हा जवळ येतात. कुसळावरच्या सिलिकायुक्त केसांमुळे ही उघडझाप दाण्यांना एकाच दिशेने, खाली ढकलते.

रानटी ओटच्या कुसळाचा हा गुण ओळखून इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांनी 1665 मध्ये हवेतील आर्द्रता दाखवणाऱ्या उपकरणात त्याचा वापर वर्णिला होता, तर चार्ल्स डार्विन यांचे पुत्र, वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रान्सिस डार्विन यांनी 1876 मध्ये स्टिपा गवताच्या बिया स्वतःला जमिनीत कशा पुरतात, याचा अभ्यास प्रसिद्ध केला. तरीही बीजप्रसार म्हटले की वारा, पाणी आणि प्राणी यांचीच नावे घेतली जातात, आणि जमिनीवर पडल्यानंतरचा बीचा शेवटचा प्रवास बहुतेकदा वगळला जातो.

संथ गतीच्या या चित्रणात एरोडियमचे फळ फुटताना दिसते. मधल्या दांड्याला पाच कुसळे घट्ट चिकटलेली असतात. वाळताना त्यांच्यात ताण साठत जातो आणि जोड तुटताच बिया सुमारे अर्धा मीटर दूर फेकल्या जातात. हुरा वृक्षाच्या वाळलेल्या फळातून उडालेल्या बिया तर 40 मीटरपलीकडेही पोहोचतात. तेरड्याच्या फळात मात्र जिवंत पेशींमधल्या पाण्याचा दाब हेच काम करतो.

पुरल्या गेलेल्या बीला ओल मिळते आणि टिपणाऱ्या पक्ष्यांपासून आडोसाही मिळतो. विमानातून किंवा ड्रोनमधून केलेल्या पेरणीत बिया उघड्यावरच पडून राहतात. त्यावर उपाय म्हणून 2023 मध्ये संशोधकांनी लाकडाच्या पातळ पट्ट्यांपासून स्वतः जमिनीत शिरणारे बीजवाहक तयार केले. एरोडियमचे एकच कुसळ सपाट जमिनीवर बीला नीट उभे करू शकत नाही, म्हणून या वाहकांना त्यांनी तीन शेपट्या दिल्या.