पंचाच्या खिशातला मोबाईल

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचं आहे ते पंच, गुणलेखक आणि तांत्रिक अधिकाऱ्यांशी. गावोगावच्या कबड्डीच्या मैदानात तुम्ही असता, जत्रेतल्या कुस्तीच्या फडातही असता, आणि तुमचा मोबाईल खिशात असतोच.

नेमणूक झाली की पहिलं काम म्हणजे आपलं जुनं फेसबुक, इन्स्टाग्राम चाळणं. संघाच्या फ्लेक्ससमोरचा फोटो, व्यवस्थापकाच्या वाढदिवसाच्या पोस्टवरचा बदाम. निर्णय कितीही बरोबर असला तरी हरलेला संघ नेमकं तेच शोधून काढतो. आपल्याकडे भावकी आणि सोयरीक दाट, ओळखी असणारच. पण नात्यातला खेळाडू असेल तर स्पर्धाप्रमुखांना आधीच सांगून सामना बदलून घ्या. पोस्ट पुसून नातं पुसलं जात नाही. दुसऱ्यानं केलेला टॅग आपल्या परवानगीशिवाय प्रोफाइलवर दिसू नये, अशी सोय सेटिंगमध्ये आहे. ती चालू ठेवा. आणि ‘उद्या फायनलला पंच’ असं स्टेटस कशाला? रात्री कोणाचे फोन येतात, ते तुम्हाला सांगायला नको.

खरी कसोटी सामन्यानंतर लागते. समजा, कबड्डीत तुम्ही बोनस, म्हणजे चढाईपटूचा जादा गुण, नाकारला. बोनस मिळायला समोर किमान ६ बचावपटू हवेत, चढाईपटूचा एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकलेला आणि त्याच क्षणी दुसरा पाय हवेत हवा. प्रेक्षकातल्या मोबाईलला तिरक्या कोनातून हे दिसत नाही. मागचा पाय कुणाच्या तरी पायाआड जातो. कुस्तीतल्या चीतपटीचंही तसंच, एका बाजूच्या चित्रणात दुसरा खांदा झाकलेला असतो. तरी १० सेकंदांची क्लिप फिरते आणि खाली ‘पंच विकला’ असं येतं. उत्तर द्यायला हात शिवशिवतो. देऊ नका. तुमचं एक वाक्य पुढच्या वादाचा पुरावा ठरतं. चढाई कोणती, गुणफलक किती होता, तुम्ही कुठे उभे होता, हे त्याच दिवशी कागदावर लिहा आणि मुख्य पंचांकडे द्या. खुलासा करायचा तर तो संघटना करेल.

पंचांच्या ग्रुपमध्येही जपून. त्यात एखादा प्रशिक्षक असतोच. सहकाऱ्याचा निर्णय चुकला असं वाटलं तर त्याला फोन करा. लिहून मग ‘सगळ्यांसाठी डिलीट’ केलं तरी मेसेज काढल्याची खूण राहते आणि स्क्रीनशॉट कधीच पुढे गेलेला असतो.

शालेय स्पर्धांत आणखी एक गोष्ट सर्रास होते, ती म्हणजे वयाच्या दाखल्याचे नाहीतर आधारचे फोटो ग्रुपवर टाकणं. १४ वर्षांखालच्या मुलीची जन्मतारीख, पत्ता शंभर मोबाईलमध्ये जातो. कागद प्रत्यक्ष तपासा, यादीवर खूण करा, परत द्या.

शिवीगाळ किंवा धमकी आली, तर ब्लॉक करण्याआधी खात्याचं नाव, तारीख आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, पोस्टची लिंक जपून ठेवा. त्या दोन्ही गोष्टी घेऊन संघटनेकडे जा; धमकी जिवाची असेल तर थेट पोलीस ठाण्यात.